मधुमेहींच्या पायाच्या जखमेत यीस्ट आहे का, हे कसं ओळखायचं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाच्या जखमेचा नमुना लॅबमध्ये घेऊन येणारे बहुतेक जण रुग्णाचे नातेवाईक असतात: मुलगा, सून, कधी नातू. डबी हातात देता देता ते जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं लॅबमध्ये काम करणाऱ्याच्या नजरेतून आहेत. उपचार काय करायचे ते डॉक्टर जखम पाहूनच ठरवतील. पण तपासणी योग्य मागितली आणि नमुना योग्य घेतला, तर त्यांना ठरवणं सोपं जातं आणि पाय वाचण्याची शक्यता वाढते.

जखमेतलं यीस्ट म्हणजे नेमकं काय? पावाचं यीस्ट तेच का?

नाही. दोन्ही एकपेशीय बुरशी आहेत, पण जाती वेगळ्या. मधुमेहींच्या जखमेत सापडतं ते बहुतेक वेळा कँडिडा. हा कँडिडा आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीच्या घड्यांत एरवीही असतो आणि काही करत नाही. साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. पायाकडचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. त्यात ओलावा असेल, आणि आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक चालू असेल, तर कँडिडाला आटोक्यात ठेवणारे बॅक्टेरियाही मरतात आणि त्याला मोकळं रान मिळतं.

आईच्या जखमेवर पांढरा थर आलाय. फंगसच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. थर नुसता पाहून ‘हो’ असं कोणी सांगितलं, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

जखमेवर पांढरं दिसण्याची कारणं बरीच आहेत. ड्रेसिंग जास्त ओलं राहिलं की जखमेच्या कडेची कातडी फुगते, पांढरी पडते, सुरकुतते. ती फक्त पाणी शोषलेली कातडी असते. जखमेच्या तळाला चिकटलेला पिवळसर पांढरा, ओढला तरी न निघणारा थर हा बहुधा मेलेल्या पेशींचा असतो, त्याला डॉक्टर स्लफ म्हणतात. काल लावलेलं मलम किंवा पावडर सुकूनही तसंच दिसतं. यीस्टचा थरही पांढराच असतो, दह्याच्या सायीसारखा सुटा, आणि पुसला की खाली लालभडक, ओलसर कातडी दिसू शकते. पण ‘दिसू शकते’ इतकंच म्हणता येतं. वर्षानुवर्षं जखमा पाहणारे सर्जनही नुसत्या नजरेवर शिक्का मारत नाहीत.

घरी थर खरवडून पाहू नका. बधिर पायाला दुखत नाही, त्यामुळे आपण किती खोल गेलो ते कळत नाही.

मग संशय कधी घ्यायचा?

काही खुणा एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जखमेभोवतीच्या लालीच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, बारीक लाल पुरळ किंवा पुटकुळ्या उठल्या असतील, तर ती कँडिडाची त्यातल्या त्यात बोलकी खूण. जखम बोटांच्या बेचक्यात असेल आणि तिथली कातडी पांढरी होऊन सोलवटत असेल. नखाच्या कडेला नखुरडं होऊन ते महिनोन् महिने जात नसेल. लघवीच्या जागी खाज, पांढरा स्राव किंवा तोंडात पांढरे चट्टे असतील. पायाच्या डॉक्टरांसमोर हे सांगायला लोक संकोचतात, पण सांगायलाच हवं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी साखर लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे लघवीच्या जागी यीस्ट होण्याचं प्रमाण वाढतं. या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही जखम जिथल्या तिथे असेल.

खाज आणि आग ही यीस्टची नेहमीची लक्षणं आहेत. पण बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, तिथे खाजही येत नाही. ‘खाज नाही म्हणजे फंगस नाही’ हा हिशोब अशा पायाला लागू पडत नाही.

वासावरून कळतं का?

भरवशाने नाही. घाण, कुजका वास बहुधा हवेशिवाय वाढणाऱ्या बॅक्टेरियांचा असतो. ड्रेसिंगवर हिरवट निळसर डाग दिसले तर स्युडोमोनास या बॅक्टेरियाचा विचार करतात. यीस्टला आंबूस वास येतो म्हणतात, पण जखमेत एकाच वेळी तीन-चार जंतू असताना त्यातला एक वास वेगळा काढता येत नाही.

चिखल्या आणि कँडिडा एकच का?

नेहमी नाही. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होणं, फाटणं, चिरा पडणं याला आपण सरसकट चिखल्या म्हणतो. त्यामागे तीन वेगळे जंतू असू शकतात. एक, गजकर्णाच्या जातीची बुरशी, जिला डॉक्टर डर्मॅटोफाइट म्हणतात. दोन, कँडिडा. तीन, चक्क बॅक्टेरिया. त्यातला एरिथ्राझ्मा नावाच्या त्वचेच्या आजाराचा बॅक्टेरिया वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात पोवळ्याच्या लालसर रंगात चमकतो, कँडिडा तसा चमकत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे हा दिवा असतो. तपासणीला दोन मिनिटं लागतात.

फरक का करायचा? कारण औषध बदलतं. टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध डर्मॅटोफाइटवर चांगलं चालतं, कँडिडावर त्याचा भरवसा कमी. आणि चिखल्या कोणत्याही जंतूच्या असोत, ती चीर म्हणजे बॅक्टेरियांना आत शिरायला उघडं दार असतं. पाय सुजून लाल होतो आणि मूळ शोधलं की ते करंगळीच्या बेचक्यात निघतं, हे मधुमेहींत फार वेळा घडतं. रोज रात्री बोटं फाकवून पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्या कोणीतरी पाहा. चिखल्या अंगावर काढू नका.

तपासणी कोणती मागायची? स्वॅब दिला की झालं का?

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मी चूक नमुना घेतानाच होते.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘पस कल्चर’ एवढंच लिहिलेलं असतं. लॅब मग बॅक्टेरियाचं कल्चर लावते, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटमध्ये वाढवून पाहते. त्या प्लेटमधल्या ब्लड अगारवर, म्हणजे जंतूंच्या खाद्यावर, कँडिडाही वाढतो, पण बॅक्टेरियांच्या गर्दीत त्याच्या बारीक वसाहती झाकल्या जाऊ शकतात. फंगसचा संशय असेल तर चिठ्ठीवर ‘केओएच तपासणी आणि फंगल कल्चर’ असं स्वतंत्र लिहून घ्या. मधुमेह आहे, कोणतं अँटिबायोटिक किती दिवस चालू आहे, कोणतं मलम लावलं जातंय, हेही चिठ्ठीवर असू द्या. त्या दोन ओळी वाचून आम्ही प्लेट किती दिवस ठेवायची ते ठरवतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. ड्रेसिंग उघडून वरच्यावर कापसाची काडी फिरवली, तर काडीवर येतात ते कातडीवर राहणारे जंतू. त्यात आजार करणारा कोण आणि नुसता राहणारा कोण, हे कळत नाही. योग्य पद्धत अशी: जखम सलाइनने धुवायची, मेलेला थर काढायचा आणि मग स्वच्छ तळातून किंवा कडेतून मांसाचा छोटासा तुकडा घ्यायचा. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही स्वॅबपेक्षा टिश्यूलाच पसंती देतात.

तो तुकडा निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनमध्ये यायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर शून्य येतं. बायोप्सीसाठी फॉर्मॅलिनची डबी वेगळी असते. दोन डबे हातात दिले तर कोणता कशाचा ते तिथेच विचारून वर लिहून घ्या.

आणि हो, जखमेत सूज, लाली, पू असं इन्फेक्शनचं काहीच लक्षण नसेल, तर डॉक्टर कल्चर नको म्हणतात. ते बरोबरच असतं. निरोगी दिसणाऱ्या जखमेतूनही काहीतरी वाढतंच आणि मग विनाकारण औषधं सुरू होतात.

केओएच तपासणीत तुम्ही नक्की काय पाहता?

काचेच्या पट्टीवर तुकड्याचा कण ठेवतो आणि त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकतो. वर पातळ काच ठेवून काही वेळ थांबतो. या क्षारात कातडीच्या आणि पुवाच्या पेशी विरघळत जातात. बुरशीची भिंत कायटिनची असल्याने टिकून राहते. मग सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या लेन्सखाली, उजेड थोडा कमी करून पाहायचं.

यीस्ट असेल तर अंडाकृती, चकचकीत पेशी दिसतात, साधारण ३ ते ६ मायक्रॉनच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षा लहान. काहींच्या टोकाला एक छोटी पेशी फुटलेली असते, तो कोंब. कोंब दिसला की खात्री वाढते, कारण चरबीचे थेंब आणि हवेचे बुडबुडेही गोल चमकतात, पण त्यांना कोंब फुटत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे खोटे तंतू: लांबट पेशी एकापुढे एक जोडलेल्या, प्रत्येक जोडापाशी आवळलेल्या. हे तंतू मांसाच्या आतून जाताना दिसले, तर कँडिडा वर नुसता बसलेला नाही, आत शिरलाय असा संशय बळावतो. डर्मॅटोफाइटचे तंतू सरळ भिंतीचे असतात, मध्ये आडवे पडदे दिसतात.

हा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो.

कल्चरला मग इतके दिवस का?

बुरशीसाठीच्या सॅबुरो अगारवर कँडिडा साधारण १ ते ३ दिवसांत क्रीमसारख्या पांढऱ्या वसाहतींनी वर येतो. त्यानंतर जात ठरवायची असते. सीरममध्ये ३७ अंशाला २ ते ३ तास ठेवल्यावर पेशीला नळी फुटली, तर बहुधा कँडिडा अल्बिकन्स. रंग देणाऱ्या अगारवर अल्बिकन्स हिरवा येतो, ट्रॉपिकॅलिस निळा, क्रुसी गुलाबी. मोठ्या लॅबमध्ये हे काम यंत्रावर लवकर होतं. दुसऱ्या बुरशीचाही संशय असेल, तर प्लेट २ ते ४ आठवडे ठेवावी लागते. म्हणून ‘अजून रिपोर्ट आला नाही’ म्हणजे लॅबची हयगय, असं दर वेळी नसतं.

जात कळणं चैनीची गोष्ट नाही. फ्लुकोनाझोल ही फंगसची गोळी क्रुसीवर मुळातच चालत नाही, ग्लाब्राटा या कँडिडाच्या आणखी एका जातीवर अनेकदा कमी पडते. नुसतं ‘यीस्ट वाढलं’ एवढाच रिपोर्ट हातात आला आणि जखम गंभीर असेल, तर जात आणि औषधांची संवेदनशीलता विचारायला लाजू नका.

रिपोर्टवर ‘कँडिडा’ लिहून आलंय. आता फंगलची गोळी सुरू करायची ना?

थांबा. कँडिडा असणं आणि कँडिडाने इन्फेक्शन करणं या दोन गोष्टी वेगळ्या. वरवरच्या स्वॅबमधून दोन-चार वसाहती आल्या आणि जखम भरत असेल, तर डॉक्टर बहुधा दुर्लक्ष करतील. टिश्यूमधून भरपूर वाढ आली, स्लाइडवरही यीस्ट आणि तंतू दिसले आणि जखम अडून बसलीय, तर रिपोर्टला वजन येतं. शंका राहिली तर तुकडा बायोप्सीला जातो. तिथे पीएएस किंवा जीएमएस नावाचं रंगद्रव्य लावून बुरशी मांसात किती खोल गेलीय ते पाहतात. माझ्या मते एवढा पक्का पुरावा दुसरा नाही.

उलटही घडतं. स्लाइडवर यीस्ट दिसतं, कल्चर मात्र ‘नो ग्रोथ’ येतं. आधीपासून फंगसचं मलम लावलेलं असेल तर असं होतं.

अँटिबायोटिक चालू आहे तरी जखम भरत नाही. म्हणजे फंगसच असणार?

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हे लगेच पटेल: डावणी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग, डावणीची फवारणी केली म्हणून भुरी जात नाही. बॅक्टेरियाचं औषध यीस्टला लागू होत नाही, हे खरं. पण जखम न भरण्याच्या कारणांमध्ये यीस्ट बहुतेकदा खालच्या नंबरावर असतं. आधी हे विचारा: पायाला रक्त पोचतंय का? रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी झाली का? जखमेवर चालताना दाब येतोय का, तो काढण्यासाठी खास चप्पल किंवा प्लास्टर दिलंय का? तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे? डॉक्टरांनी जखमेत घातलेली तपासणीची सळई हाडाला लागते का? हाडातलं इन्फेक्शन सुरुवातीच्या २-३ आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

ही कारणं तशीच ठेवून फक्त फंगलची गोळी दिली, तर महिना वाया जातो. मधुमेही पायाच्या बाबतीत महिना फार मोठा असतो.

मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावली तर?

कृपा करून नको. चिठ्ठीशिवाय मागितलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही असतात. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, घरच्यांना बरं वाटतं आणि आत बुरशी पसरत राहते. नंतर आमच्याकडे नमुना येतो तेव्हा मूळ चित्र पुसलेलं असतं.

बागेत मारायचं बुरशीनाशक, मोरचूद, चुना, तंबाखू, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही जखमेवर नको. द्राक्षावरच्या काही औषधांचा गट माणसांच्या अँटिफंगल औषधांशी मिळताजुळता आहे, हे शिकलेल्या शेतकऱ्यांना माहीत असतं आणि त्यातूनच हा मोह होतो. पण ती पानासाठी बनवलेली आहेत, उघड्या मांसासाठी नाहीत.

फ्लुकोनाझोल सुरू झालं आणि वडिलांची साखर एकदम उतरली. संबंध आहे का?

असू शकतो. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारख्या गोळ्या शरीरातून बाहेर टाकण्याचं काम फ्लुकोनाझोलने मंदावतं, त्यामुळे त्यांचा जोर वाढतो. घाम, थरथर, अचानक भूक, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही फ्लुकोनाझोलचा संबंध येतो. म्हणून गोळी लिहून घेताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. नावं तोंडी सांगण्यात एखादी हमखास राहते.

२०२१ मधली काळी बुरशी हीच का?

नाही. काळी बुरशी म्हणजे म्युकर, ते यीस्ट नाही, ती तंतूंची बुरशी आहे आणि ती रक्तवाहिन्यांत शिरून भाग काळा पाडते. पायात ती क्वचित दिसते. पायाचं बोट काळं पडलं तर बहुधा रक्तपुरवठा बंद झालेला असतो. कारण कोणतंही असो, काळं बोट घेऊन घरी बसायचं नाही.

भाताच्या आवणीला चिखलात उभं राहावं लागतं. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरीही असते. काय करायचं?

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे आवणीचे दिवस टाळता येत नाहीत, हे आम्हाला कळतं. पायाला जखम उघडी असेल तर मात्र त्या हंगामात चिखलात उतरूच नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवा. जखम नसेल, पण पाय बधिर असेल, तर गमबूट घाला, आत पाणी गेलं की लगेच काढा. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांची बेचकी सुती फडक्याने टिपून कोरडी करा. मॉइश्चरायझर टाचेला लावा, बेचक्यात नको.

तिसऱ्या श्रावणी सोमवारची प्रदक्षिणा असो की चैत्रात वणीच्या गडाची पायी वारी, बधिर पायांनी अनवाणी जाऊ नका. देवीला तुमचा पाय हवा आहे, त्याची जखम नको. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत सेफ्टी शूज घालून पाळी करणाऱ्यांनी मोज्यांचा दुसरा जोड डब्याच्या पिशवीत ठेवावा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावा.

रिपोर्टची वाट न पाहता कधी धावायचं?

लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे गेली, ताप ३८ अंशांच्या वर गेला किंवा हुडहुडी भरली, पाय अचानक सुजला, दाबल्यावर कातडीखाली चरचर जाणवली, बोट काळं-निळं पडलं, किंवा साखर काही केल्या उतरेना, तर त्याच दिवशी, त्याच रात्री. असं झालं तर ते बहुधा यीस्टचं नसून बॅक्टेरियाचं असतं आणि तासांचा फरक पडतो.

नाशिकमध्ये कुठे दाखवायचं?

त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय आणि नाशिकरोडचं बिटको ही सरकारी-महापालिकेची ठिकाणं आहेत. आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आणि धामणगावचं एसएमबीटी ही दोन्ही मेडिकल कॉलेजं आहेत, त्यामुळे तिथे मायक्रोबायोलॉजीचा विभाग आहे. खासगीत गेलात तर आधी फोन करून एकच विचारा: ‘फंगल कल्चर तुमच्याकडेच होतं की बाहेर पाठवता?’ बाहेर पाठवत असतील तरी हरकत नाही, फक्त दिवस किती लागतील ते समजून घ्या. नमुना तुमच्या हाती दिला असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवू नका. शक्यतो दोन तासांच्या आत थेट लॅबच्या खिडकीवर आणून द्या आणि फंगलची तपासणी चिठ्ठीवर लिहिली आहे ना, ते देण्यापूर्वी एकदा बघून घ्या.